बालीचा किनारा कोणाचा?

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडोनेशियात एक चित्रफीत फार गाजली. बाली बेटाच्या दक्षिण भागातील बेरावा किनाऱ्यावर रात्री एक धार्मिक विधी चालू आहे. वाळूवर पूजासाहित्य मांडले आहे, श्वेतवस्त्रे परिधान केलेले पुरोहित आसनस्थ आहेत, भाविक हात जोडून बसले आहेत. आणि त्यांच्या पाठीशी, अगदी हाकेच्या अंतरावर असलेल्या एका प्रचंड बीच क्लबमधून आतषबाजी सुरू होते. मंत्रांचा ध्वनी त्या धडधडाटात बुडून जातो. पुढे संताप उसळला, चौकशी झाली, क्षमायाचनाही झाली. आतषबाजी हा त्या क्लबच्या कार्यक्रमाचा भाग होता आणि विधी हा किनाऱ्याच्या कार्यक्रमाचा. प्रश्न एवढाच उरला की, तो किनारा मुळात कोणाचा?

समुद्रकिनाऱ्यावरील मेजवान्या, पहाटेपर्यंत चालणारे संगीत, लाटांवर स्वार होणारे ऑस्ट्रेलियन तरुण, मधुचंद्राला आलेली जोडपी हे बालीचे जगाला ठाऊक असलेले रूप. कुटा, सेमिन्याक आणि आता चांगू ही त्याची ठाणी. परंतु बालीच्या हिंदूंसाठी समुद्र ही मौजेची जागा कधीच नव्हती. त्यांच्या भूगोलाला दोन टोके आहेत. एकीकडे पर्वत, म्हणजे देवांचे स्थान. दुसरीकडे समुद्र, जेथे अशुद्ध विरून शुद्ध होते. मृतांच्या अस्थी-रक्षेचे विसर्जन समुद्रात होते. नववर्षाच्या आधी गावोगावच्या देवता वाजतगाजत मिरवणुकीने समुद्रावर नेल्या जातात. या विधीला ‘मलास्ती’ म्हणतात. ज्या वाळूवर पर्यटक आरामखुर्ची टाकतो, ती वाळू एका समाजाचे तीर्थ आहे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. सांगितले तरी त्याने ऐकावेच, असे काही नाही.

या बेटावर भारतीयांची वर्दळ आता मोठी आहे. २०२४ साली सुमारे ६३ लाख विदेशी पर्यटक बालीत उतरले. बेटाची स्वतःची लोकसंख्या त्याहून बरीच कमी, चव्वेचाळीस लाखांच्या आसपास. या पाहुण्यांत ऑस्ट्रेलियनांच्या खालोखाल क्रमांक भारतीयांचा लागला आणि त्यांची संख्या पाच लाखांहून अधिक होती. पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय घरांतून ‘यंदा बाली’ हा शब्द आता सहजपणे ऐकू येतो. तेव्हा बालीचे काय होत आहे, हा विषय परक्याच्या अंगणातला राहिलेला नाही. त्या अंगणात आपल्याही चपला आहेत.

आपल्या समाजाचे बालीशी नाते मात्र मोठे विचित्र आहे. ‘जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात हिंदूंचे बेट’ एवढ्या एका वाक्यावर आपला अभिमान संतुष्ट होतो. विमानतळाबाहेरील महाभारतातील शिल्पे, गरुडावर आरूढ झालेल्या विष्णूची २०१८ साली पूर्ण झालेली १२१ मीटर उंचीची प्रतिमा, उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताच्या वेळी होणारे रामायणाचे केचक नृत्य यांची छायाचित्रे घरी पाठवली की कर्तव्य संपते. (वास्तविक केचक नृत्याचे आजचे रूप १९३०च्या दशकात, एका जर्मन चित्रकाराच्या सहभागाने, पाहुण्यांसाठीच घडवले गेले. त्यामागचा मूळ विधी वेगळा आणि खूप जुना आहे. पण ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांना हा तपशील कशाला हवा?) संध्याकाळ झाली की हाच अभिमानी पाहुणा बीच क्लबच्या रांगेत उभा असतो. जुलै २०१९ मध्ये एका भारतीय कुटुंबाच्या सामानातून हॉटेलातील वस्तू एकामागून एक बाहेर काढल्या जात असल्याची चित्रफीत जगभर फिरली, तेव्हा आपली मान खाली गेली. पण वस्तू चोरणे हा अपवाद मानता येईल. न पाहता परत येणे हा मात्र नियमच झाला आहे.

पाहण्यासारखे काय आहे? मंदिरे तर आहेतच. परंतु मंदिरांहून महत्त्वाची आहे ती मंदिरांना जिवंत ठेवणारी व्यवस्था. बालीतील हिंदू समाज टिकला तो केवळ श्रद्धेच्या बळावर नव्हे. प्रत्येक गावात ‘देसा अदात’ म्हणजे परंपरागत ग्रामसंस्था आहे. अशा सुमारे दीड हजार ग्रामसंस्था बेटावर आहेत आणि २०१९ च्या प्रांतिक कायद्याने त्यांना भक्कम वैधानिक स्थान दिले आहे. गावाच्या पोटात ‘बंजार’ म्हणजे वाड्या-आळ्यांच्या सभा असतात. विवाहित गृहस्थाला बंजारचे सदस्यत्व घ्यावेच लागते. देवळाचा उत्सव, कोणाच्या घरचे अंत्यसंस्कार, रस्त्याची डागडुजी, सर्वांसाठी अंगमेहनतीचा वाटा द्यावा लागतो. चुकारपणा केला तर दंड आणि टोकाच्या प्रसंगी बहिष्कार. या व्यवस्थेची एक कठोर बाजूही आहे. बहिष्कृत कुटुंबाचे हाल होतात, स्त्रियांचा बराचसा दिवस नैवेद्याच्या परड्या विणण्यात जातो, सतत सुट्ट्या मागणाऱ्या बाली माणसापेक्षा जावामधून आलेला कामगार हॉटेलमालकाला सोयीचा वाटतो. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट उरते. ज्या समाजाने आपला धर्म कुटुंबाच्या देवघरापुरता न ठेवता गावाच्या कामात गुंफला, त्याचा धर्म सहजासहजी पुसला जात नाही.

तो पुसण्याचे प्रसंग थोडे आले नाहीत. १९०६ च्या सप्टेंबरात डच सैन्य बादुंगच्या राजवाड्यावर चालून आले. एका फुटलेल्या गलबताच्या भरपाईचे निमित्त त्यांनी केले होते. राजा, राणीवसा, मुले, सेवक शुभ्र वस्त्रे परिधान करून बंदुकांच्या तोंडाशी चालत गेले आणि शेकडोंच्या संख्येने मरण पावले. १९०८ मध्ये क्लुंगकुंग येथे तेच घडले. या आत्माहुतीला ‘पुपुतान’ म्हणतात. या हत्याकांडाने युरोपात नाचक्की झाल्यावर डच राजवटीने पवित्रा बदलला. आता बाली हे जपून ठेवायचे ‘जिवंत संग्रहालय’ ठरले. जहाज कंपनीने पर्यटक आणण्यास प्रारंभ केला, १९२८ साली देनपासारमध्ये बाली हॉटेल उघडले. ज्या नगरात राजकुळाने मरण पत्करले, त्याच नगरात दोन तपांच्या आत पाहुण्यांसाठी नृत्याचे प्रयोग होऊ लागले! बालीच्या पर्यटनाची जन्मकथा ही अशी आहे.

स्वतंत्र इंडोनेशियातही वाट सोपी नव्हती. बालीच्या हिंदूंना धर्म म्हणून शासकीय मान्यता मिळविण्यासाठी १९५८ पर्यंत झगडावे लागले. त्या काळात बालीतील काही तरुण भारतात शिकण्यास आले. शांतिनिकेतनात अध्ययन केलेले इदा बागुस मंत्र हे त्यांपैकी एक. पुढे १९७८ ते १९८८ या काळात ते बालीचे राज्यपाल होते. पर्यटन यावे, पण ते संस्कृतीच्या अटीवर यावे, ही त्यांची भूमिका. त्यांच्या काळात, १९७९ साली, सुरू झालेला बाली कला महोत्सव आजही भरतो. त्यातील मुख्य प्रेक्षक परदेशी पाहुणे नसून बालीचेच लोक असतात, ही विशेष नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

कागदावरचे नियोजनही निराळे होते. १९७१ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने तयार झालेल्या आराखड्यानुसार मोठी हॉटेले नुसा दुआच्या कोरडवाहू टोकावर एकवटायची आणि पर्यटकांना गावांपासून दूर ठेवायचे, असे ठरले. घडले ते उलटेच. कुटा या कोळ्यांच्या गावी आलेल्या निष्कांचन भटक्यांना गावकऱ्यांनी घरातील खोल्या दिल्या आणि पैसा थेट गावात येऊ लागला. तो काळ बालीसाठी वाईट नव्हता, असे म्हणता येईल. पण खोलीची खानावळ झाली, खानावळीचे हॉटेल झाले आणि मग जाकार्ताचे भांडवल आले. तानाह लोतच्या समुद्रमंदिरासमोर १९९३-९४ मध्ये जाकार्तातील एका उद्योगसमूहाने गोल्फ मैदानासह भव्य वसाहत उभारण्यास घेतली, तेव्हा सुहार्तोंच्या दडपशाहीच्या काळातही बाली रस्त्यावर उतरली. हिंदू धर्मपरिषदेने १९९४ साली मंदिरांभोवतीच्या पवित्र परिघाचा दंडक जाहीर केला; मोठ्या मंदिरांसाठी तो पाच किलोमीटरपर्यंत जातो. प्रकल्प काही फेरबदल करून झालाच. दंडक मात्र राहिला आणि वीस वर्षांनी बनोआच्या उपसागरात त्याचा प्रत्यय आला. तेथील सुमारे सातशे हेक्टर पाण्यात भराव घालून बेटे बनविण्याच्या योजनेला २०१४ च्या अध्यक्षीय आदेशाने वाट मोकळी झाली होती. तीसहून अधिक देसा अदात त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. रॉक संगीत वाजवणारी मुले आणि गावचे पुजारी एकाच मोर्चात चालले. २०१८ साली परवाना मुदतीअंती संपला आणि पुढच्या वर्षी तो उपसागर संरक्षित क्षेत्र ठरला.

१२ ऑक्टोबर २००२ च्या रात्रीचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. कुटातील दोन मद्यालयांपाशी जिहादी दहशतवाद्यांनी घडविलेल्या स्फोटांत २०२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन होते आणि ३८ इंडोनेशियन. त्यानंतर बाली पेटली असती तर नवल नव्हते. जावामधून आलेले हजारो मुस्लिम कामगार बेटावर राहत होते. परंतु बंजारच्या सभा बसल्या, ‘पचालांग’ हे गावरक्षक रात्रंदिवस फिरत राहिले आणि सूडाचे एकही मोठे कृत्य घडले नाही. जखमींना उचलणाऱ्यांत कुटाचे मुस्लिम रहिवासीही होते, हे बाली विसरली नाही. नोव्हेंबरात त्या जागेवर मोठा शुद्धिविधी झाला. ‘आमच्या किनाऱ्याने काय ओढवून घेतले?’ हा प्रश्न बालीने त्या वेळी स्वतःलाच विचारला होता. पर्यटक परतले तसा तो मागे पडला.

बाँबपेक्षा सावकाश, पण अधिक खोलवर चाललेला आघात पाण्याचा आहे. बालीची भातशेती ‘सुबाक’ या सहकारी संस्थांच्या हाती आहे. एका कालव्याचे पाणी घेणारे सर्व शेतकरी म्हणजे एक सुबाक, प्रत्येक सुबाकचे एक जलमंदिर आणि या साऱ्यांच्या शिरोभागी बातुर सरोवराच्या देवी दानूचे मंदिर. कोणत्या खोऱ्यात केव्हा पेरणी, केव्हा जमीन पडीक ठेवायची, हे या मंदिरांच्या उत्सवचक्रातून ठरते. सत्तरच्या दशकात हरितक्रांतीच्या तज्ज्ञांनी ही अंधश्रद्धा ठरविली. जमेल तितक्या वेळा पीक घ्या, असा आदेश निघाला. काही वर्षांतच तपकिरी तुडतुड्यांनी आणि विषाणूरोगांनी शेते फस्त केली. कारण सर्वांनी एकाच वेळी जमीन पडीक ठेवली की किडीला खाद्य उरत नसे. ते चक्रच मोडले गेले होते. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने जलमंदिरांच्या या गणिताचा अभ्यास मांडला आणि तज्ज्ञांना माघार घ्यावी लागली. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकच्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

सरकारी आदेशातून सुबाक वाचली. व्हिलांमधून ती वाचणे अवघड दिसते. उताराच्या पायऱ्यांवरील शेतांत पाणी वरून खाली, एका शेतातून दुसऱ्यात उतरते. मधल्या एका शेतकऱ्याने आपला तुकडा पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला (परकीयांना पूर्ण मालकी मिळत नाही, ती पळवाट काढून मिळविली जाते, हा भाग निराळा) आणि तेथे कुंपण व पोहण्याचा तलाव झाला की खालच्या चौघांचे पाट तुटतात. शेजारी व्हिला आली की जमिनीचे मूल्य वाढते, त्याबरोबर भातशेतीवरचा करही वाढतो, आणि ज्याला विकायचे नव्हते त्यालाही विकावे लागते. चांगूच्या परिसरात एका पिढीत हे घडले. ‘भातशेतीचे मनोहर दृश्य’ अशी जाहिरात करणारी व्हिला दुसऱ्या व्हिलाच्या भिंतीकडे पाहत उभी असते. दक्षिणेकडील हॉटेले खोल विहिरींतून गोडे पाणी उपसतात आणि किनाऱ्याच्या विहिरींत खारे पाणी शिरते. सप्टेंबर २०२५ मधील महापुराने देनपासारमध्ये आणि आसपास दहाहून अधिक बळी घेतले, तेव्हा शेतजमिनी बुजवल्याने पाण्याला जागा उरली नाही, ही गोष्ट राज्यकर्त्यांनाही बोलून दाखवावी लागली.

आता या बेटाच्या एका दिवसाविषयी. मराठी घरांना तो दिवस परका वाटू नये. बालीत शालिवाहन शकाचीच गणना चालते. त्या शकाचा पहिला दिवस म्हणजे ‘न्येपी’. अधिक मासाचा हिशोब वेगळा असल्याने काही वर्षी फरक पडतो, पण अनेकदा न्येपी आणि गुढीपाडवा एका दिवशी येतात. आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ नावाच्या अक्राळविक्राळ राक्षसमूर्तींच्या मिरवणुका निघतात, प्रचंड गोंगाट होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून चोवीस तास संपूर्ण बेट मौन धारण करते. अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. रस्त्यांवर केवळ पचालांग. आंतरराष्ट्रीय विमानतळ बंद. हॉटेलातील पाहुण्यांनी आवारात राहायचे, पडदे ओढायचे, दिवे मंद ठेवायचे. २०१८ पासून मोबाइलवरील इंटरनेटही थांबवले जाऊ लागले. मेजवान्यांसाठी विख्यात असलेल्या किनाऱ्यावर त्या रात्री केवळ लाटांचा आवाज असतो. १९८३ पासून हा दिवस संपूर्ण इंडोनेशियात सार्वजनिक सुट्टीचा आहे.

एका दिवसाचे पर्यटन-उत्पन्न बुडते म्हणून न्येपी सैल करा, असे म्हणण्याचे धाडस मोठ्यातील मोठ्या हॉटेल कंपनीनेही केलेले नाही. हे सामर्थ्य कोठून येते? कायद्यातून नव्हे, ते बंजारमधून येते. २०२३ साली पाडवा आणि न्येपी २२ मार्च या एकाच दिवशी आले. डोंबिवली-गिरगावच्या शोभायात्रांत ढोल-ताशे घुमत होते, त्या वेळी बालीत पान हलत नव्हते. नववर्षाचा उत्साह आपण साजरा करावा, यात वावगे काही नाही. २०२० साली २५ मार्चलाही हाच योग होता. त्या दिवशी भारतात टाळेबंदीचा पहिला दिवस होता आणि पाडव्याला आपले रस्ते शासकीय आदेशाने ओस पडले होते. बालीचे रस्ते दरवर्षीप्रमाणे व्रतानेच शांत होते.

आपल्याकडे असे काही नव्हतेच, असे मात्र कोणी समजू नये. मालवण तालुक्यातील आचरे आणि चिंदर या गावांची ‘गावपळण’ प्रसिद्ध आहे. ग्रामदेवतेचा कौल घेऊन काही वर्षांनी सारे गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाते, तीन दिवस राहुट्यांत राहते, गाव निर्मनुष्य असते. मानकरी, देवराया, गावऱ्हाटी या संस्था बालीच्या देसा अदातच्या सख्ख्या बहिणी शोभतील. सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली घोषित झाला. किनाऱ्यावरील जमिनींचे व्यवहार कोण करीत आहे, गावऱ्हाटीला त्यात विचारले जाते काय, हे तेथील गावकऱ्यांना पक्के ठाऊक आहे. शेजारच्या गोव्यात गावकारीच्या सामुदायिक जमिनींचे काय झाले आणि कळंगुट, हणजूणच्या किनाऱ्यांवर रात्रीचा आवाज कोण ठरवतो, हेही त्यांना दिसतेच. बालीचा अभ्यास करायचा तर तो याही नजरेने व्हावा.

बाली प्रशासनाने १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक विदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपया, म्हणजे भारतीय चलनात साधारण आठ-नऊशे रुपये, इतके शुल्क संस्कृती व निसर्ग यांच्या रक्षणासाठी घेण्यास सुरुवात केली. ते सर्वांकडून वसूल होत नाही. पवित्र वृक्षांवर, मंदिरांच्या पायऱ्यांवर विवस्त्र छायाचित्रे काढणाऱ्या काही पाश्चात्त्यांना मायदेशी धाडण्यात आले. २०२३ मध्ये पाहुण्यांसाठी विधिनिषेधांची यादीच काढावी लागली. त्या यादीत भारतीयांसाठी वेगळे कलम नाही आणि असू नये, असे वाटत असेल तर काही गोष्टी येथूनच ठरवून निघाव्या लागतील. शुल्क विमानात बसण्यापूर्वी भरता येते, ते भरावे. भातशेतीवर उभ्या राहिलेल्या व्हिलेपेक्षा गावातील कुटुंबाने चालविलेले निवासस्थान निवडावे. उबुद आणि सिदेमेनच्या परिसरात ती मिळतात. देवळात कमरेला वस्त्र गुंडाळून जावे आणि पूजेला बसलेल्या माणसाच्या पुढून छायाचित्रासाठी जाऊ नये. फुटपाथवर ठेवलेली फुलांची छोटी परडी ‘चानांग सारी’ आहे, ती ओलांडून जाण्याआधी क्षणभर थांबावे. किनाऱ्यावर विधी चालू दिसला तर संगीताच्या बाजूने नव्हे, विधीच्या बाजूने उभे राहावे.

आणि सहली काढणाऱ्या मंडळींनाही एक सुचवता येईल. न्येपीच्या आगेमागे पोहोचणारी सहल सहसा गैरसोयीची समजली जाते, कारण एक दिवस ‘फुकट’ जातो. पाडव्याच्या मुहूर्तावर चाळीस मराठी माणसे बालीत न्यावीत, आदल्या दिवसांत मलास्ती किंवा ओगोह-ओगोह दाखवावे आणि तो एक दिवस त्यांना दिवे मालवून, काही न करता, खोलीत बसवावे. संध्याकाळी अंगणात येऊन वर पाहिले तर त्या रात्री बालीवर तारे फार दिसतात.